एडवर्ड लिअर : कॉर्फू बेटावरील पायपिटीचा जमाखर्च

एडवर्ड लिअर हे नाव आपल्या महाविद्यालयात कुणाला ठाऊक असेलच तर ते इंग्रजीच्या तासामुळे. घुबड आणि मांजर होडीत बसून लग्नाला निघतात ती कविता त्याची. पाच ओळींचे लिमरिक, म्हणजे आपल्या वात्रटिकेचे चुलत भावंड, इंग्रजांच्या घराघरांत नेले तेही त्यानेच. परंतु या गृहस्थाने पोट भरले ते विनोदावर नव्हे. त्याचा धंदा निसर्गचित्रकाराचा होता; आणि त्या धंद्यातील त्याची सर्वांत रम्य व हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत चमत्कारिक वर्षे गेली ती ग्रीसच्या पश्चिमेकडील कॉर्फू बेटावर. साहित्याचे विद्यार्थी त्याच्या कवितांबद्दल बोलतात. मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला त्याची खतावणी उघडून पाहावीशी वाटली आणि ती पाहता पाहता त्याच्या मागोमाग ते बेटही मनाने फिरून झाले.

त्याचा जन्म लंडनजवळच्या हॉलोवे येथे १२ मे १८१२ रोजी झाला. एकवीस भावंडांत हा विसावा! वडील शेअर बाजारात दलाल. १८१६ साली त्यांचे व्यवहार कोसळले, घराची घडी विस्कटली आणि चार वर्षांच्या एडवर्डला थोरल्या बहिणीच्या, ॲनच्या, ओटीत टाकण्यात आले. ती त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठी. आई जिवंत असून तिने पुन्हा या मुलाचे फारसे पाहिले नाही. ॲन हीच त्याची आई झाली. तिनेच त्याला फुले, पाने, पक्षी रंगवायला शिकविले. शाळा म्हणाल तर नावालाच.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून त्याला फेफऱ्याचे झटके येऊ लागले. त्या काळी या रोगाविषयी इतके गैरसमज होते की त्याने तो जन्मभर जवळच्या मित्रांपासूनसुद्धा लपविला. झटका येण्याआधी त्याला चाहूल लागे, तेवढ्यात तो उठून आपल्या खोलीत निघून जाई. रोजनिशीत मात्र प्रत्येक झटक्याची फुलीच्या खुणेने नोंद करी. १८५८ पासून मृत्यूपर्यंतच्या त्याच्या तीस रोजनिश्या शिल्लक आहेत आणि त्यांत या फुल्या जागोजाग दिसतात. आपल्याकडेही अशा दुखण्याची गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, विशेषतः लग्नाची बोलणी चालू असताना. तेव्हा लिअरला हसण्याचे कारण नाही. तो अविवाहित राहिला, त्यामागे ही धास्ती होतीच.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो कमाईला लागला. अठराव्या वर्षी, १८३० मध्ये, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पोपटांची चित्रे भागाभागांनी प्रसिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले. पेंढा भरलेले पक्षी पाहून नव्हे, जिवंत पोपट समोर ठेवून. एकूण ४२ चित्रे झाली, वर्गणीदार १७५ होते, आणि पक्षिशास्त्रज्ञ आजही त्यांची वाखाणणी करतात. पण छापणाऱ्याचे व रंग भरणाऱ्यांचे पैसे दरमहा चुकते करावे लागत आणि वर्गणीदारांकडून येणे मात्र सावकाशीने येई. १४ भाग काढावयाचे ठरले होते, १२ वर थांबावे लागले. येणे आणि देणे यांच्या मुदती जुळल्या नाहीत तर काय होते हे आम्हांला फळ्यावर शिकवितात. लिअर ते विसाव्या वर्षी पदरमोड करून शिकला.

पुढची काही वर्षे भराभर सांगतो. एका उमरावाच्या, पुढे डर्बीचा तेरावा अर्ल झालेल्या लॉर्ड स्टॅन्लीच्या, नोझ्ली येथील खाजगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढण्याचे काम त्याला मिळाले. तेथल्या मुलांना हसविण्यासाठी त्याने ते वेडेवाकडे पद्य व त्यासोबतची चित्रे रचली. बारीक कामाने डोळे आणि लंडनच्या हवेने छाती बिघडली, म्हणून १८३७ मध्ये तो रोमला गेला व पक्षी सोडून डोंगरदऱ्यांकडे वळला. १८४६ साली दोन गोष्टी घडल्या. राणी व्हिक्टोरियाला त्याने चित्रकलेचे बारा धडे दिले. आणि त्याचे विनोदी पद्यांचे पुस्तक निघाले, तेही स्वतःच्या नावावर नव्हे, टोपणनावाने. कारण उघड आहे. गंभीर चित्रकाराला पोरकट कवी म्हणून मिरवणे परवडणारे नव्हते.

आता कॉर्फू. बेटाची लांबी सुमारे चाळीस मैल. ग्रीक लोक त्याला केर्किरा म्हणतात. होमरने ज्या फेएशियन लोकांच्या बेटावर ओडिसियसला वाहवत आणले तेच हे, असा तेथला जुना समज आहे. चारशे वर्षे, १३८६ ते १७९७, तेथे व्हेनिसची सत्ता होती. दिव्याला आणि स्वयंपाकाला तेल हवे म्हणून व्हेनिसच्या सरकारने ऑलिव्हची झाडे लावणाऱ्यास पैशाचे उत्तेजन दिले, आणि बेटभर ऑलिव्हचे रान माजले. इतर ठिकाणी हे झाड छाटून बुटके ठेवतात. कॉर्फूत ते वाढू दिले, म्हणून तेथील बुंधे पिळवटलेले, ढोल्या पडलेले आणि शेंडे आपल्या आमराईसारखे उंच. १८१५ पासून आयोनियन समुद्रातील ही सात बेटे इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली. म्हणजे लिअरच्या वेळी बाजारात ग्रीक, जुन्या घराण्यांत इटालियन आणि छावणीत इंग्रजी अशा तीन भाषा चालत. एका रस्त्यावर दोन भाषांच्या पाट्या वाचीत वाढलेल्या आम्हांला त्यात नवल वाटू नये. लिअरला रोममुळे इटालियन येतच होते. कॉर्फूत त्याने शिक्षक ठेवून ग्रीकचा अभ्यास केला.

१८४८ मध्ये त्याने हे बेट प्रथम पाहिले. पण मुक्कामाला तो आला डिसेंबर १८५५ मध्ये, फ्रँकलिन लशिंग्टन या मित्राच्या मागोमाग. लशिंग्टनची तेथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली होती. १८४९ च्या वसंतात दोघांनी दक्षिण ग्रीसमध्ये घोड्यांवरून भटकंती केली होती आणि तेच सुख पुन्हा मिळेल अशी लिअरची आशा होती. पण न्यायाधीशमहाराज अबोल वृत्तीचे. त्यांना कामे होती, अधिकाऱ्यांच्या पंगती होत्या. लिअरच्या मनात त्यांच्याविषयी जी ओढ होती तिची परतफेड तेवढ्या मापाने होईना. पहिला हिवाळा त्याने अनोळखी गावात, पावसाकडे पाहत, खिन्न मनाने काढला. इंग्रज वसाहत लहान, कुचाळक्या मोठ्या. मेजवान्यांना गेले तर कंटाळा येई आणि न गेले तर एकटेपणा खायला उठे.

यातून त्याला बाहेर काढले ते पायांनी. पाऊस ओसरला की तो सकाळी निघे आणि दिवसभर चालून संध्याकाळी परत येई. १८५६ पासून त्याच्या संगतीला जॉर्जिओ कोकाली हा नोकर आला. हा सुलीच्या डोंगराळ मुलखातून परागंदा होऊन कॉर्फूत वसलेल्या लोकांपैकी. तो सामान उचली, रांधी, वाटेत धन्याच्या लहरी सोसून घेई. लिअरने त्याला लिहावाचायला शिकविले. ही सोबत पुढे सत्तावीस वर्षे टिकली, ती लशिंग्टनच्या सोबतीपेक्षा कितीतरी अधिक मुकाट्याने आणि अधिक भरवशाने.

त्यांच्या ठरलेल्या वाटा होत्या. जवळची म्हणजे शहराच्या दक्षिणेला कास्त्रादेस वस्तीवरून असेन्शन या खेड्यापर्यंत. ग्रीक नाव आनालिप्सिस, म्हणजे ख्रिस्ताचे स्वर्गारोहण. तेथे त्या सणाची जत्रा भरे. ऑलिव्हच्या सावलीत बायाबापड्या ठेवणीतले कपडे घालून जमत आणि नाच होई. लिअरने ते दृश्य पुन्हा पुन्हा काढले. झाडांच्या फटीतून खाली दोन सुळक्यांचा जुना किल्ला दिसे (या सुळक्यांवरूनच बेटाला कॉर्फू हे नाव पडले), त्यापलीकडे निळी सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे अल्बानियाचे बर्फाच्छादित डोंगर. पुढे काही पावलांवर पोंटिकोनिसी, म्हणजे उंदराचे बेट. डोक्यावर एवढेसे देऊळ आणि चार सायप्रस. समुद्रदेव पोसायडनने शिळा करून टाकलेले फेएशियनांचे जहाज ते हेच, अशी दंतकथा आहे.

याहून लांबची वाट गास्तुरीची. तेथील टेकडीवरून दिसणारा देखावा त्याच्या सर्वांत आवडीचा असावा, इतक्या वेळा तो त्याने चितारला. पुढे १८८९ ते १८९१ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीने याच गावी आपला राजवाडा बांधला. जागा निवडण्याची लिअरची नजर काय होती हे यावरून समजावे! त्याखाली समुद्राकाठी बेनित्सेस. या गावच्या झऱ्याचे पाणी नळाने शहरात आणले ते सर फ्रेडरिक ॲडम या इंग्रज कमिशनरने. हाच मनुष्य पुढे १८३२ ते १८३७ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. पश्चिम किनाऱ्यावरील पालेओकास्त्रित्सापर्यंत सडक बांधली तीही त्यानेच. बायकोला तेथे सहलीला जायला आवडे म्हणून ती बांधली असे लोक म्हणत. सरकारी सडका कशासाठी होतात यावर मी अधिक बोलत नाही.

पालेओकास्त्रित्सा मात्र एका दिवसात पायी जाऊन येण्याजोगे नव्हे. शहरापासून ते सोळा मैलांच्या आसपास. समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर मठ, खाली हिरव्या-निळ्या पाण्याच्या लहान लहान खाड्या आणि जवळच उभ्या सुळक्यावर आंजेलोकास्त्रो हा जुना किल्ला. १८६२ च्या ईस्टरला लिअर तेथे जाऊन राहिला. शहरातल्या घरी शेजाऱ्यांच्या वाद्यांनी त्याचे डोके उठे. येथे लाटांखेरीज आवाज नाही. ज्याच्या रोजनिशीत एरवी कुरकुर भरलेली, तो येथे पूर्ण सुखी दिसतो. कधी तो होडीने समोरच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावर उतरे. १८५७ मध्ये बुट्रिंट येथे जाऊन त्याने तेथील पाणथळ मैदान आणि डोंगर चितारले. मागे तुर्कांचा अंमल, पुढे इंग्रजांचा, मध्ये दोन-तीन मैलांचे पाणी. सीमाभागातील माणसाला हे चित्र परके नाही.

आता या सहलींत काम कसे चाले ते सांगतो, कारण लिअरसाठी सहल म्हणजे कच्च्या मालाची खरेदी होती. जागा हेरली की तो चष्मा सरसावून भराभर पेन्सिलीने चित्र काढी. खाली कागदावर गाव, तारीख आणि घटका-मिनिटांसह वेळ. रंग लावायला उन्हात सवड नसे, म्हणून चित्रातच जागोजाग शब्द लिही : येथे जांभळे, येथे फिके, येथे ऑलिव्ह. हे शब्द लिहितानाही त्याचा खोडकरपणा जात नसे. खडक या अर्थाचा इंग्रजी शब्द तो मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिही. रात्री दिव्याशी बसून त्या पेन्सिलीवर शाई चढवी आणि टिपणांप्रमाणे पातळ रंग भरी. ही चित्रे तो सहसा विकीत नसे. ती त्याची वखार. त्यांवरून तो मागणीप्रमाणे मोठी जलरंगातील वा तैलरंगातील चित्रे करून विकी. तीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा प्रकाश त्याला म्हातारपणी त्या टिपणांतून परत काढता येई.

मालाला तोटा नव्हता. प्रश्न गिऱ्हाइकाचा होता. १८५८ मध्ये बेट सोडून गेलेला लिअर १८६१ च्या अखेरीस परत आला आणि तीन हिवाळे राहिला. याच वर्षी बहीण ॲन वारली होती. हिवाळ्यात कॉर्फूत चित्रे करायची आणि उन्हाळ्यात लंडनला जाऊन विकायची, असा क्रम. मोठी तैलचित्रे महिनोन्महिने खपून करावीत आणि ती वर्षानुवर्षे भिंतीला टेकून राहावीत, हे पाहून १८६२-६३ च्या हिवाळ्यात त्याने नवी युक्ती काढली. साठ कागद एकदम रांगेने मांडले. सर्वांवर आधी पेन्सिलीच्या रेषा; मग सर्वांवर ओळीने एक रंग, तो वाळला की दुसरा. हेन्री फोर्डच्या मोटारींची फिरती साखळी १९१३ ची, म्हणजे पन्नास वर्षे पुढची! फरक इतकाच की येथे कारखानदार, मुकादम आणि साठही ठिकाणचा मजूर एकच. या चित्रांना त्याने टायरंट, म्हणजे जुलमी राज्यकर्ते, असे नाव दिले होते. चौकटी करून ती भिंतींवर लावली आणि खोल्या लोकांसाठी उघडल्या. अधिकारी आले, त्यांच्या मडमा आल्या, स्तुती झाली. स्तुती करणारे सारेच विकत घेत नाहीत, हे कोणत्याही दुकानदाराला विचारावे.

मला खरी हळहळ वाटते ती दुसऱ्याच नोंदीची. १८६१ मध्ये त्याच्या विनोदी पद्यांची वाढविलेली आवृत्ती निघाली, या वेळी त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि ती धडाक्याने खपू लागली. १८६२ साली त्याने या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाला एकरकमी १२५ पौंडांना विकून टाकले. त्याच्या हयातीतच त्याच्या एकोणीस आवृत्त्या निघाल्या. त्या एकोणीस आवृत्त्यांतील एक पेनीही लिअरच्या वाट्याला आली नाही. जी वस्तू हसत खेळत झाली तिची किंमत त्याने कमी धरली आणि जी उन्हातान्हात चालून, डोळे फोडून झाली तिची अधिक. बाजाराने नेमके उलट केले. आमच्या एका मित्राचे म्हणणे असे की रोख १२५ पौंड त्या दिवशी हातात आले, भाडे भागले, यात काय चुकले? हातात पैसा नसलेल्याला भविष्यातले उत्पन्न स्वस्तात विकावे लागते हे मलाही मान्य आहे. पोपटांच्या पुस्तकापासून त्याला उधारीचा धसकाच बसला असावा.

१८६३ च्या वसंतात तो उरलेली सहा बेटे पाहायला निघाला. पॅक्सोस, लेफ्कादा, केफालोनिया, ओडिसियसचे इथाका, झँटे आणि पार दक्षिणेचे सेरिगो. त्यावरून वीस शिलामुद्रित चित्रांचा ग्रंथ स्वतःच तयार करून वर्षअखेर वर्गणीदारांना दिला. घाई करण्यास कारणही होते. ही बेटे ग्रीसच्या स्वाधीन करण्याचे इंग्लंडने ठरविले होते. बेटांतील बहुसंख्य ग्रीकांची ती कित्येक वर्षांची मागणी होती आणि ती रास्त होती. पण लिअरच्या दृष्टीने त्या निर्णयाने पलटण जाणार, अधिकारी जाणार, म्हणजे पेठच उठणार होती. इंग्रजांनी जाताना व्हिडो बेटावरील तटबंदी सुरुंगाने उडविली. ज्या चित्रांत त्याने ती तटबंदी काढली होती ती एकाएकी इतिहासजमा झाली. त्यांच्यामागे राहिले ते क्रिकेट. १८२३ पासून खेळला जाणारा हा खेळ बेटाने सोडला नाही.

एप्रिल १८६४ मध्ये, बेटांचे हस्तांतर होण्यापूर्वीच, लिअरने बिऱ्हाड मोडले आणि क्रीटकडे गेला. गास्तुरीच्या टेकडीवरून निघताना त्याला फार जड गेले. नंतरही तो कॉर्फूला येऊन गेला, पण पाहुणा म्हणून. त्याने इटलीतील सान रेमो येथे घर केले.

कॉर्फूतल्या ओळखीने मात्र एक येणे पुढे वसूल झाले, आणि त्यात आपला देश येतो. कॉर्फूच्या कमिशनरचा एक तरुण सहायक एव्हलिन बेअरिंग (पुढे इजिप्तमध्ये गाजलेला लॉर्ड क्रोमर) याची लिअरशी तेथे मैत्री जमली होती. त्याचा चुलतभाऊ लॉर्ड नॉर्थब्रुक, लिअरचा जुना परिचित, १८७२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याच्या आमंत्रणावरून एकसष्ट वर्षांचा लिअर जॉर्जिओसह नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईस उतरला आणि जानेवारी १८७५ पर्यंत देशभर हिंडला. दार्जिलिंगहून त्याने कांचनगंगा चितारले. १८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यास होता. सकाळी निघणे, जागा हेरणे, पेन्सिल, टिपणे, रात्री शाई, हा कॉर्फूचाच क्रम येथेही चालला. आणि कानावर पडणाऱ्या शब्दांची गंमतही. जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची एक कविता आली. तिच्यात कमरबंद हा माणसे गिळणारा भयंकर प्राणी आहे आणि नायिका बसते ती चक्क धोब्यावर! आपल्याला धोबी ठाऊक असल्याने आपण इंग्रजांपेक्षा दोनदा हसतो.

जॉर्जिओ हळूहळू थकला. १८७७ मध्ये आजारी पडून त्याला घराची ओढ लागली, तेव्हा लिअर स्वतः त्याला घेऊन कॉर्फूला गेला. एकवीस वर्षे जो सामान वाहत पुढे चालला त्याला या वेळी धन्याने पोहोचविले. तो पुन्हा परत आला आणि १८८३ मध्ये वारला. २९ जानेवारी १८८८ रोजी लिअर सान रेमो येथे गेला. तेथील स्मशानभूमीत त्याच्या थडग्याशेजारी अगदी तशाच घडणीची दुसरी शिळा आहे. ती जॉर्जिओ कोकालीच्या स्मरणार्थ लिअरने आपल्या हयातीतच बसविलेली.